कलम, ओवी आणि परदेशी जाऊ पाहणारी मुलगी

पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळलं की नसरापूर लागतं आणि तिथून मार्गासनीवरून पुढे वेल्ह्याचा रस्ता जातो. आता या तालुक्याला सरकारदरबारी राजगड म्हणायचं, पण एसटीत बसलेली माणसं अजून वेल्हंच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. या फाट्यावर फ्लेक्स नाही असा दिवस नसतो. वाढदिवस, दशक्रिया, यात्रा, निवड. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे: परदेशी उच्चशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलामुलींच्या अभिनंदनाचा फ्लेक्स. मध्ये कोटातला फोटो, मागे कुठल्यातरी विद्यापीठाची दगडी इमारत, खाली शुभेच्छुकांची ओळीनं मुंडकी. विद्यापीठाचं नाव असतं, देशाचं असतं, कधीकधी रक्कमही असते. पोरगं तिथं जाऊन काय शिकणार आहे, हे मात्र मी अजून एकाही फ्लेक्सवर वाचलेलं नाही.

वर्तमानपत्रांतल्या मुलाखतींचंही तसंच. शेतमजुराचा मुलगा, माथाडी कामगाराची मुलगी, रात्री कंदिलाखाली अभ्यास, आईचे मंगळसूत्र गहाण, मग विमान. आपल्याकडे हा एक वाङ्मयप्रकारच झाला आहे आणि त्याचे संकेत पक्के आहेत. गरिबीला दोन परिच्छेद, जिद्दीला तीन आणि शेवटी तरुणांना संदेश. संशोधनाचा विषय आलाच तर एका ओळीत, तोही बातमीदारानं चुकीचा लिहिलेला. शिष्यवृत्ती हे बक्षीस आहे असं एकदा धरलं की विषय विचारायचं कारणच उरत नाही. कुस्तीची गदा मिळवलेल्या पैलवानाला तू गदेचं काय करणार, असं कोण विचारतो?

विषय विचारला तो सरकारनं. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयानं राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. १९५४-५५ सालापासून चालत आलेली ही योजना. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या व निमभटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. वर्षाला १२५ जागा: ११५ अनुसूचित जातींना, ६ विमुक्त-भटक्यांना आणि भूमिहीन शेतमजूर व कारागीर मिळून सबंध देशाला ४. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, वय पस्तिशीच्या आत. ही सगळी चौकट नेहमीची आहे. नवीन होतं ते एक वाक्य. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास, असे विषय किंवा अभ्यासक्रम या योजनेत बसणार नाहीत, अशा अर्थाचं. खुलासा असा होता की या विषयांची साधनं आणि तज्ज्ञ देशातच भरपूर आहेत, त्यासाठी बाहेर जायची गरज नाही. पैसा इतर विषयांकडे वळवलेला बरा.

या वाक्यावर तेव्हा गदारोळ झाला आणि बहुतेकांनी एकच दाखला दिला. तो इतका चपखल होता की मलाही टाळता येत नाही. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते कोलंबियाला गेले. तिथं त्यांनी काय केलं? प्राचीन भारतातल्या व्यापारावर प्रबंध लिहिला. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींच्या उगमावर निबंध वाचला. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर डॉक्टरेट केली. पुढे लंडनला रुपयाचा प्रश्न घेतला. नव्या कलमाची चाळणी लावली तर यातला जातींवरचा निबंध पहिल्या फटक्यात बाहेर आणि बाकीच्यांचं काय करायचं यावर समितीची एक बैठक.

दाखला बरोबर आहे, पण तिथंच थांबल्यानं एक गैरसमज होतो. जणू कलम वाईट ठरायला त्यातून आंबेडकर निसटावे लागतात. मला हे कलम वेगळ्या कारणासाठी वाचावंसं वाटतं, म्हणजे एखादी कविता किंवा कथा वाचतो तसं, त्यातला बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि न उच्चारलेलं काय, हे बघत. निमित्त झालं ते वेल्ह्याच्या एका मुलीचं.

ती माझ्याकडे आली ती मराठी टिपण तपासून घ्यायला. तोरण्याच्या पायथ्याकडच्या एका वस्तीवरची, पुण्यात राहून मराठीत एम.ए. केलेली. घरी जमीन नाही. आई आवणीला आणि कापणीला लोकांच्या खाचरात जाते. म्हणजे देशातल्या त्या चार जागांपैकी एकीसाठी उभी राहू शकणारी. तिनं विषय निवडला होता जात्यावरच्या ओव्यांचा. आता मराठीत जात्यावरची ओवी म्हटलं की माझ्यासारखीच्या कपाळाला आठी पडते, कारण त्यावर इतकं गहिवरून लिहिलं गेलंय की ओवीच दिसेनाशी झाली आहे. पण हिचा प्रश्न साधा आणि टोकदार होता. भोर-वेल्ह्याचे पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईला गेले, गिरणीत, गोदीत, बाजारात. घरी राहिलेल्या बाईच्या ओवीत मुंबई येते ती कुठल्या नात्यातून येते: भावाच्या, लेकाच्या, की नवऱ्याच्या? आणि ज्या नात्यातून ती येत नाही, त्याबद्दल बाई गप्प का?

हा प्रश्न विचारता येतो, कारण सामग्री आहे. आणि सामग्री आहे, कारण त्यासाठी कुणीतरी पैसे दिले होते. ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी पुण्यात समाजशास्त्रीय सहकारी संशोधनाचं केंद्र चालवलं आणि गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून मुळशी, मावळ, वेल्हे, भोर अशा डोंगरी भागांतल्या बायकांशी त्यांचा संबंध आला. त्यातून ऐंशीच्या दशकापासून ओव्या गोळा होत गेल्या. गोळा करणाऱ्यांत गावोगावच्या कार्यकर्त्या बायकाच पुष्कळ होत्या. आकडा पुढे लाखाच्या वर गेला. हजारावर गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या. नव्वदच्या दशकात फ्रान्सचे संगणक-संगीततज्ज्ञ बर्नार्ड बेल त्यात आले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या अर्काइव्हमधून लोकांपुढे येतो आहे. या कामाला युनेस्को, नेदरलँड्सचं विकास-सहकार्य मंत्रालय आणि स्वित्झर्लंडमधलं शार्ल लेओपोल्ड मायर प्रतिष्ठान यांची मदत झाली. पॉइतवाँ जन्मानं फ्रेंच, पुढे भारताचे नागरिक झालेले.

थोडक्यात, तोरण्याच्या कुशीतल्या बाईनं पहाटे खुंटा धरून जे म्हटलं, ते कागदावर यायला युरोपातला पैसा लागला. यात मला काही वावगं वाटत नाही. लाज वाटलीच तर आपली वाटते: एवढी विद्यापीठं आणि साहित्य-संस्कृतीच्या नावानं एवढी मंडळं जवळ असून आपण हे केलं नाही याची. पण त्या पैशाचा वाचनावर काही परिणाम होतो का, हे बघणं समीक्षेचं काम आहे आणि होतो असं माझं मत आहे.

राईरकर-पॉइतवाँ यांच्या १९९३ सालच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावाचा मराठीत भाव सांगायचा तर, शेतकरी बायका आता मोठ्यानं बोलताहेत. संग्रहामागची सगळी दृष्टी या नावात आहे. ओवी म्हणजे दाबलेल्या बाईचा उमटलेला आवाज. ती विषयवार लावायची: सीता इथं, भाऊ तिथं, विठ्ठल पलीकडे, बाबासाहेबांवरच्या ओव्या आणखी एका खणात. या वर्गीकरणाचे उपकार मी मानते, त्याच्याशिवाय लाखभर ओव्यांच्या ढिगात कुणाला काही सापडलं नसतं. पण जात्यावर बसलेली बाई खण उघडून गात नाही. वैरण घालता घालता ती सीतेवरून भावावर येते, भावावरून पंढरीला जाते, परत येताना मध्येच शेजारणीला टोमणा मारते. या जाण्यायेण्यात अर्थ असतो. कुठल्या ओवीनंतर कुठली आली, कुठं ती अडली, कुठं दुसरीनं तिच्या तोंडातून ओवी उचलली. खणात पडली की ओवी सुटी होते आणि सुटी ओवी सुभाषितासारखी दिसायला लागते. आपल्या पाठ्यपुस्तकांनी तर तिचं तेच केलं.

दुसरी गोष्ट मोठ्यानं बोलण्याची. ओवीतली बाई कुणाशी बोलते? जात्याशी, मैतरणीशी, दूर राहिलेल्या आईशी, मुराळी म्हणून येईल त्या भावाशी. सभेशी नाही. ‘बाई’, ‘सांगते’ असे शब्द ओवीत मध्येमध्ये येतात, ते लय भरून काढतात हे खरं, पण ऐकणारीला जवळही ओढतात. आवाज मोठा करण्याचा तिथं हेतू नसतो, उलट जात्याच्या घरघरीआड तो सासूच्या कानापासून लपतो. अशा बोलण्याला जाहीर साक्ष मानलं की त्यातली लपवालपवी निसटते. विकास-सहकार्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या वाचनाला साक्ष लागते. लपवणं त्याच्या अहवालात बसत नाही. राईरकर-पॉइतवाँ यांना हे कळत नव्हतं असं मला म्हणायचं नाही. त्यांनी बायकांबरोबर बसून ओव्यांवर चर्चा केल्या, जे आपल्या मराठी विभागांनी क्वचितच केलं. तरीही पुस्तकाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मोठ्यानं बोलणंच वर आलं.

वेल्ह्याच्या मुलीचा प्रश्न नेमका या फटीतून आला होता. तिला गप्प राहण्याबद्दल विचारायचं होतं. तिला हे सुचलं, कारण तिनं आपल्या चुलत्यांच्या घरात मुंबईहून येणारी मनिऑर्डर आणि न येणारी मनिऑर्डर दोन्ही पाहिल्या होत्या, आणि दुसरी आली नाही की घरातल्या बायका कशा जोरजोरात दुसऱ्याच विषयावर बोलतात हेही. असा वाचक संग्रहाला चाळीस वर्षांत किती मिळाला असेल? घरचं ज्ञान पुरतं असंही नाही. लाखभर ओव्यांतला क्रम, लय, पाठभेद, ध्वनिमुद्रणातले श्वास आणि थांबे वाचायला वेगळी तालीम लागते, मौखिक परंपरेच्या अभ्यासाची, आणि ती जिथं नीट मिळते अशा जागा बाहेर आहेत. म्हणून तिला जायचं होतं. फ्लेक्ससाठी नाही.

इथं कलम आडवं आलं.

कलमातलं न उच्चारलेलं गृहीत असं आहे की भारताविषयीचं ज्ञान भारतात असतं, खनिजासारखं, जमिनीखाली. ते खणायला लंडनला कशाला जायचं. महाराष्ट्राच्या अभ्यासाचा इतिहास नेमका याच्या उलट सांगतो. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत इयन रेसाइड मराठी शिकवत होते. हायडेलबर्गचे गुंथर सोनथायमर बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबाच्या मागे धनगरांच्या वाड्यांवरून फिरले. त्यांचा म्हस्कोबा वीरचा, म्हणजे भोरच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातला. अमेरिकेतल्या मिनेसोटात बसून एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीचा अभ्यास उभा केला. ॲन फेल्डहाउस ॲरिझोनाच्या आणि महाराष्ट्रातल्या नद्यांच्या. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज १९६१ साली स्थापन झाली, तेव्हा तिचा मुक्काम पुण्यातच, डेक्कन कॉलेजात होता. पुढं या संस्थेनं पुण्यात मराठीचे वर्ग चालवले आणि अमेरिकेतली पोरं शिष्यवृत्ती घेऊन ‘मी जातो, मी जाते’ गिरवायला इथं येत राहिली. यायलाच हवीत. भाषा कुणाच्या बापाची नसते.

पण चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. ओहायोच्या मुलीला मराठी शिकून मावळातल्या ओव्यांवर प्रबंध लिहायला शिष्यवृत्ती मिळू शकते. मावळातल्या मुलीला ओहायोत जाऊन तोच प्रबंध लिहायला तिच्या सरकारची शिष्यवृत्ती मिळू शकत नाही. ती मुलगी सधन घरची असती तर कलम तिला शिवलंही नसतं, बापानं फी भरली असती आणि विषय तिचा तिनं निवडला असता. कलम लागू होतं ते फक्त भूमिहीनांच्या, भटक्यांच्या, दलितांच्या मुलांना. म्हणजे कोणी काय शिकू नये हे सांगताना सरकारनं नेमकी तीच मुलं निवडली आहेत, ज्यांच्याबद्दल इतरांनी सर्वांत जास्त प्रबंध लिहिले.

‘इथंच भरपूर आहे’ या म्हणण्याचाही हिशेब मांडायला हवा. साधनं आहेत, नाही कशाला म्हणू. भांडारकर संस्था आहे, जयकर ग्रंथालय आहे, डेक्कन कॉलेज आहे. पण पुस्तकाशेजारी बसायला खोलीभाडं लागतं. ‘बार्टी’, ‘सारथी’, ‘महाज्योती’च्या अधिछात्रवृत्तीसाठी पीएच.डी.ची मुलं किती वेळा उपोषणाला बसली हे पुण्या-मुंबईत राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत ‘सारथी’च्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला तेव्हा राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांनीच विचारलं की पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार. दिल्ली म्हणते बाहेर कशाला, इथं सगळं आहे. मुंबई म्हणते इथं तरी कशाला. मधल्या मधे सारथीनं परदेशी शिष्यवृत्तीची एक योजना काढली, वर्षाला ७५ जागांची, आणि तिला नाव दिलं महाराजा सयाजीराव गायकवाडांचं.

सयाजीरावांचं नाव घेतलंच आहे तर त्यांनी दिलेल्या दुसऱ्या एका पैशाची गोष्ट. आंबेडकरांच्या साडेअकरा पौंडांइतकी ती मिरवली जात नाही, पण मला ती अधिक शिकवणारी वाटते. धर्मानंद कोसंबी गोव्याहून निघाले ते बुद्ध शोधत नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश फिरले आणि कलकत्त्यात पाली शिकवू लागले. सयाजीरावांनी त्यांना सांगितलं की महाराष्ट्रात कुठंही राहा, महिना पन्नास रुपये देतो, वर्षाला एक पुस्तक बडोद्यासाठी लिहा. कोसंबींनी कलकत्त्यातली जास्त पगाराची नोकरी सोडली आणि पन्नास रुपयांवर पुण्यात येऊन राहिले. तिथून हार्वर्डच्या जेम्स वुड्स यांच्याशी गाठ, तिथून १९१० साली केंब्रिज-मॅसॅच्युसेट्स, ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचं काम. ‘निवेदन’ या आत्मकथनात त्यांनी हे सगळं सांगितलं आहे, आणि त्या पुस्तकाचं माझ्या लेखी मोठेपण हे की त्यात पैसा उघडा आहे. कोणी किती दिले, कुठं संपले, कुणाकडे हात पसरावा लागला, कुठं अपमान वाटला. फ्लेक्सवाल्या वाङ्मयप्रकाराची सुरुवात ‘निवेदन’पासून होऊ शकली असती, तर मराठीत शिष्यवृत्तीची आत्मकथनं वेगळी निपजली असती.

त्या पन्नास रुपयांना अट होती, हे विसरायचं कारण नाही. आंबेडकरांच्या शिष्यवृत्तीलाही होती, बडोद्यात दहा वर्षं नोकरी करण्याची, आणि ती पाळायला गेल्यावर त्यांचं तिथं काय झालं हे सर्वश्रुत आहे. तेव्हा दाता उदार आणि सरकार कृपण, असा सोपा ताळा मला मांडायचा नाही. पैसा देणारा अट घालणारच. प्रश्न अट कशावर घातली याचा आहे. सयाजीरावांची अट राहण्याच्या जागेवर होती, नोकरीवर होती, पुस्तकांच्या संख्येवर होती. काय वाचायचं आणि काय लिहायचं यावर ते शिष्याच्या भरवशावर राहिले.

परदेशी दाते याबाबत सोवळे आहेत असंही नाही. विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून ज्या शिष्यवृत्त्या आहेत, त्यांची भाषा एकदा लागोपाठ वाचून बघावी. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती १९५९ पासूनची; आज तिच्या अर्जात आपला विषय विकासाच्या ठरावीक सूत्रांपैकी एकात बसवून दाखवावा लागतो: तंत्रज्ञान, आरोग्य, समृद्धी, शांतता, संकटांना तोंड देणं, संधी आणि समावेश. चेव्हनिंगला पुढारी हवे असतात, आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परत. जर्मनीच्या डाडमध्ये विकासाशी निगडित अभ्यासक्रमांचा एक कप्पाच वेगळा आहे. वाईट काही नाही यात. पण गरीब देशातल्या माणसानं शिकायचं ते देशाची गरिबी हटवण्यासाठी, हा सूर सगळीकडे आहे. छंदावर, पाठभेदावर, एखाद्या शब्दाच्या अर्थछटेवर पाच वर्षं घालवण्याची चैन श्रीमंत देशाच्या विद्यार्थ्यानं करावी. वेल्ह्याच्या मुलीनं ओवी घेऊन जायचं असेल तर ओवीला महिला सक्षमीकरणाचं लुगडं नेसवून न्यावं.

कलमाच्या बाजूनं बोलता येईल असं एक उदाहरण मला दिसतं, आणि ते टाळलं तर मी लबाडी केली असं होईल. इरावती कर्वे १९२८ च्या सुमारास बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचा विषय महाराष्ट्र नव्हता. ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी माणसांच्या कवट्यांच्या असमानतेवर काम केलं. परतल्या आणि मग आयुष्यभर मराठी माणूस वाचला: नातेवाचक शब्द, जाती, वारी. दुसरं काही शिकायला जा, परत ये आणि त्या नजरेनं आपलं बघ, असं सरकार म्हणालं तर त्यात तथ्य नाही का? आहे, थोडं आहे. परकी तालीम माणसाची नजर धारदार करते. पण इरावतीबाईंना पुढे बसायला डेक्कन कॉलेज मिळालं आणि पाठीशी कर्व्यांचं घर होतं. जिच्याकडे एकदाच जाण्याचं बळ आहे, तिला तू आधी कवट्या मोज, ओव्या मग बघू, असं सांगणं म्हणजे ओव्या सोड म्हणूनच सांगणं. शिवाय इरावतीबाईंना कुणी कलमानं कवट्यांकडे ढकललं नव्हतं.

पैशाचं म्हणाल तर कलम पार करूनही तो हाती येतोच असं नाही. २०२५ च्या निवडीत १०६ जण निवडले गेले आणि त्यांतल्या ४० जणांनाच सुरुवातीला तात्पुरती पत्रं गेली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाला तर, असं सांगण्यात आलं. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, अशी आपली म्हण. इथं सुपातल्यांनाही हसायची सोय नाही.

त्या मुलीनं काय केलं ते सांगायचं राहिलं. पहिल्यांदा तिनं विषयाचं नाव बदलून पाहिलं. ‘दक्षिण आशियातील स्थलांतर आणि मौखिकता: एक तौलनिक अभ्यास’ असं काहीतरी. त्यातही भारत डोकावतोच म्हणून ते खोडलं. मग तिच्या एका संगणकवाल्या मैत्रिणीनं युक्ती काढली. ओवी म्हणायचंच नाही. म्हणायचं, कमी साधनसामग्री असलेल्या भाषेतल्या ध्वनिदत्तांची आपोआप वर्गवारी. नमुना म्हणून १२० तासांचा एक संग्रह उपलब्ध. भाषा: इंडो-आर्यन गटातली. भारताचं नाव तळटीपेत. टिपण माझ्याकडे तपासायला आलं ते हे. चार पानांत बाई हा शब्द नव्हता, जातं नव्हतं, मुंबई नव्हती. व्याकरणाच्या दोन चुका मी काढल्या आणि परत दिलं. चांगलं उतरलं होतं, खोटं सांगत नाही. निवड समितीत मी असते तर मीही वर ठेवलं असतं.

परत देताना मी तिला विचारलं की हे तुला खरंच करायचंय का. ती म्हणाली, “मॅडम, करता येईल मला. ते सॉफ्टवेअर शिकायला सहा महिने लागतील. पण मग बाई कुठं गप्प राहिली, ते त्याला कसं कळणार? त्याला गप्प म्हणजे नुसता मोकळा वेळ.”

मग तिनं पिशवीतून वही काढली. संग्रहात तिच्या आजोळच्या वस्तीचं नाव आहे. तिथल्या ज्या बायकांच्या ओव्या लिहून घेतल्या गेल्या त्यांत आजीच्या शेजारणीचं नाव आहे, आजीचं नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, त्या दिवशी मी आवणीला गेले होते, पावसानं उघडीप दिली होती, कोण थांबतंय गाणी सांगायला. तेव्हा मुलीनं फोनवर आजीला म्हणायला लावलं. जातं आता गोठ्यात उपडं पडलंय, टाकी लावून कैक वर्षं झाली, त्यामुळे आजी ताटात तांदूळ निवडता निवडता म्हणाली आणि चाल सारखी घसरत गेली. सत्तावीस ओव्या झाल्या. मुलीनं त्या ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं उतरवल्या आहेत, जिथं आजी थांबली तिथं वहीत तेवढी ओळ कोरी सोडून. मुंबई दोनदा आली आहे, दोन्ही वेळा भावाबरोबर. आजोबा एकोणीस वर्षं माझगावला होते.

अर्जाची मुदत मार्चअखेर होती. ती दोन्ही टिपणं घेऊन गेली.